विमानवाहू नौकेचा हव्यास आणि विजयदुर्गचा धडा

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीच्या गोदीत ‘विक्रांत’ ही स्वदेशी बनावटीची विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. त्याच समारंभात नौदलाचे नवे निशाणही फडकले. वसाहतकाळापासून चालत आलेला तांबडा क्रूस त्यावरून गेला आणि त्याच्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. गुलामीची एक खूण पुसली गेली, याचे समाधान कोणाही स्वाभिमानी नागरिकास वाटावे. परंतु ज्या राजाची मुद्रा निशाणावर घेतली, त्याच्या आरमारामागील विचार आणि त्या दिवशी गोदीत उभी असलेली २६२ मीटर लांबीची, सुमारे ४३ हजार टनांची, वीस हजार कोटी रुपये खर्चून बांधलेली नौका यांचा मेळ बसतो काय, हा प्रश्न मात्र विचारावयास हवा. ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ यांच्या जोडीला तिसरी विमानवाहू नौका हवी, अशी नौदलाची मागणी अनेक वर्षांची आहे. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही तिला दुजोरा दिलेला आहे. हा निर्णय पुढील अर्धशतकाच्या खर्चाचा आहे आणि त्या नौकांवर चढणाऱ्या हजारो खलाशांच्या प्राणांचाही आहे. म्हणून तो तज्ज्ञांच्या बंद दालनात सोडून देऊन चालणार नाही.

या प्रश्नाचा विचार विजयदुर्गपासून सुरू करणे योग्य ठरेल. वाघोटणच्या खाडीच्या मुखाशी उभा असलेला हा किल्ला, जुने नाव घेरिया, शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला आणि पुढे आंग्र्यांच्या काळात तो मराठी आरमाराचे प्रमुख ठाणे झाला. खाडीच्या आत गिर्ये-रामेश्वर परिसरात आंग्र्यांच्या गोदीचे अवशेष आजही दिसतात. या गोदीच्या आश्रयाने वावरणाऱ्या गुराबा आणि गलबते युरोपीय जहाजांच्या तुलनेने लहान होती. खोल समुद्रात महिनोन्‌महिने राहण्याची त्यांची ताकद नव्हती. परंतु त्या उथळ पाण्यात शिरत, वारा पडला तर वल्ह्यांवर चालत आणि किनाऱ्याची प्रत्येक खाच त्यांच्या तांडेलांना ठाऊक असे. मोठ्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा असत. पिछाडी मात्र उघडी असे. आंग्र्यांची गलबते गुराबांना ओढत नेऊन नेमकी पिछाडीला उभी करीत. तेथून पहिला मारा शिडांवर आणि डोलकाठ्यांवर होई. जहाज पांगळे झाले की चारी बाजूंनी माणसे चढत. प्रचंड तोफखाना असलेले जहाज अशा वेळी स्वतःच्याच आकाराचे कैदी होई.

या युद्धपद्धतीची किंमत युरोपीय सत्तांना वारंवार मोजावी लागली. १७१७ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी विजयदुर्गावर आरमार पाठविले, ते हात हलवीत परतले. १७२० मध्ये त्यांनी या स्वारीसाठी ‘फ्राम’ नावाचा सपाट बुडाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला. त्याचाही काही उपयोग झाला नाही. १७२४ मध्ये डचांनी प्रयत्न केला, तोही फसला. १७३५ च्या डिसेंबरात संभाजी आंग्रे याच्या ताफ्याने ‘डर्बी’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे जहाज त्यावरील द्रव्यासह पकडले. त्याहीपूर्वी, १६७९ मध्ये, खांदेरीच्या वेढ्यात हेच दिसले होते. इंग्रजांची जहाजे बेटाभोवती पहारा देत होती आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात त्यांच्या हातावर तुरी देऊन बेटावर माणसे आणि सामान पोचवीत होत्या.

मग विजयदुर्ग पडला कसा? याचे उत्तर अभिमानाने छाती फुगविणाऱ्यांनी अधिक बारकाईने वाचावे, असे आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्राकडून अॅडमिरल वॉटसन आणि जमिनीवरून क्लाइव्ह चालून आले. त्यांना ही वाट मोकळी करून दिली होती ती तुळाजी आंग्र्याशी वैर धरलेल्या पेशव्यांनी, म्हणजे मराठी राज्याच्याच धुरीणांनी. तुळाजी तहाच्या बोलण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेलेला होता. आणि त्याचे आरमार? ज्या नौकांचे बळ विखुरण्यात आणि चपळाईत होते, त्या सगळ्या किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला एका जागी दाटीवाटीने बांधून ठेवलेल्या होत्या. ‘रेस्टोरेशन’ हे तुळाजीने १७४९ मध्ये इंग्रजांकडूनच हिसकावलेले मोठे जहाज त्यांत होते. त्यावर एक बाँबगोळा पडला, जहाज पेटले आणि ती आग एका नौकेवरून दुसऱ्या नौकेवर जात बहुतेक सारा ताफा भस्म करून गेली. १३ फेब्रुवारीला किल्ला शरण आला. तीन पिढ्यांनी उभारलेले आरमार काही तासांत नाहीसे झाले.

विजयदुर्गचा धडा म्हणूनच दुहेरी आहे. मोठ्या आणि महागड्या जहाजाला लहान, स्वस्त आणि चपळ नौका नमवू शकते, हा त्याचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा असा की, आपले सारे बळ जो एका ठिकाणी गोळा करतो, तो शत्रूचे काम सोपे करून ठेवतो. विमानवाहू नौका म्हणजे दुसरे काय? तीस-एक विमाने, त्यांचे इंधन, त्यांचे बाँब आणि क्षेपणास्त्रे, शिवाय सुमारे सोळाशे माणसे, एवढे सारे एका तरंगत्या छपराखाली गोळा केलेले असते.

एकोणिसाव्या शतकात वाफ आली, पोलाद आले आणि पुन्हा मोठ्या जहाजांचे युग अवतरले. दुसऱ्या महायुद्धाने त्यातील युद्धनौकांचे युग संपविले आणि विमानवाहू नौकेला सिंहासनावर बसविले, हे खरे. परंतु त्याच युद्धाने तिचे नाजूकपणही दाखविले. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानने आपल्या चार विमानवाहू नौका गमावल्या. डेकवर आणि पोटात भरलेले इंधन व दारूगोळा हेच त्यांच्या नाशाचे साधन ठरले. १९४४ मध्ये ‘शिनानो’ ही जपानची महाकाय विमानवाहू नौका सेवेत दाखल झाल्यापासून दहा-अकरा दिवसांतच एका अमेरिकन पाणबुडीच्या पाणतीरांनी बुडविली.

क्षेपणास्त्र आल्यावर गुराबेचे आणि गलबताचे युग नव्या रूपाने परतले. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या लहान क्षेपणास्त्र नौकांनी पोर्ट सैदच्या बंदरातूनच मारा करून ‘एलात’ ही इस्रायली विनाशिका बुडविली. चार वर्षांनी हाच प्रयोग भारताने अधिक कल्पकतेने केला. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या जेमतेम दोनशे टनांच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर धाड घातली. सोव्हिएत संघाने या नौका किनारा राखण्यासाठी बांधलेल्या. त्यांचा पल्ला तोकडा, म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना ओढत नेण्याची तयारी केली गेली. गुराबेला ओढणारे गलबत येथे नव्या वेषात पुन्हा दिसते. ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली, ‘मुहाफिज’ बुडाली, कराचीच्या तेलसाठ्यांना आग लागली. आज ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून साजरा होतो तो या रात्रीच्या स्मरणार्थ. म्हणजे दरवर्षी देश ज्या विजयाचा उत्सव करतो, तो लहान नौकांचा विजय आहे.

आणि त्या युद्धात विमानवाहू नौका कोठे होती? जुन्या ‘विक्रांत’ने बंगालच्या उपसागरात मोलाची कामगिरी केली, हे कोणी नाकारू नये. तिच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे बाँबफेक केली आणि पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग बंद केला. परंतु तिला त्या बाजूस पाठविले गेले, कारण तेथे शत्रूचे विमानदल आणि पाणबुड्या यांचा धोका सर्वांत कमी होता. तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते. तिच्या शोधात आलेली ‘गाझी’ ही एकच पाणबुडी, परंतु तिच्यापायी ‘विक्रांत’ अंदमानात दडवून ठेवावी लागली आणि ती मद्रास-विशाखापट्टणमच्या आसपास आहे असा देखावा उभा करावा लागला. ‘गाझी’ विशाखापट्टणमपाशी बुडाली म्हणून पुढचे सारे शक्य झाले. पश्चिमेकडे, जेथे फ्रेंच बनावटीच्या पाकिस्तानी पाणबुड्या फिरत होत्या, तेथे ९ डिसेंबरच्या रात्री काय घडले, हे दीवच्या किनाऱ्यावरील स्मारक सांगते. ‘खुकरी’ ही फ्रिगेट पाणबुड्यांचा माग काढण्यासाठीच निघालेली होती. ‘हंगोर’च्या पाणतीराने तिला काही मिनिटांत तळाशी नेले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या नौकेची ही गत होत असेल, तर जिच्या रक्षणासाठी अशा अनेक नौका बरोबर न्याव्या लागतात, त्या विमानवाहू नौकेला अभय कोण देणार?

याचे आणखी एक प्रात्यक्षिक पुढे भारताच्याच नौदलात आलेल्या नौकेने पाहिले आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती ‘हर्मिस’. अर्जेंटिनाकडे विमानातून सोडावयाची ‘एक्झोसेट’ क्षेपणास्त्रे होती अवघी पाच. त्यांपैकी एकाने ४ मे रोजी ‘शेफिल्ड’ या विनाशिकेला आग लावली. ती पुढे बुडाली. २५ मे रोजी विमानवाहू ताफ्याच्या रोखाने आलेली क्षेपणास्त्रे ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर आदळली आणि ब्रिटिश सैन्यासाठी आणलेली हेलिकॉप्टरे जळाली. या पाच क्षेपणास्त्रांच्या धाकाने ‘हर्मिस’ला बेटांपासून दूर पूर्वेकडे राहावे लागले. त्यामुळे तिच्या विमानांचा बराच वेळ जाण्यायेण्यात जाई. अर्जेंटिनाचीही एक विमानवाहू नौका होती. २ मे रोजी ब्रिटिश पाणबुडीने ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर बुडविताच ती किनाऱ्याला परतली आणि युद्ध संपेपर्यंत पुढे आली नाही. एक नौका लांब उभी, दुसरी बंदरात बंद. ही ‘हर्मिस’ भारताने १९८६ मध्ये विकत घेतली आणि १९८७ पासून ‘विराट’ या नावाने ती तीस वर्षे वापरली.

गेल्या काही वर्षांत हा तोल आणखी झुकला आहे. २००५ पासून काही काळ अमेरिकेने स्वीडनची ‘गोटलंड’ ही सुमारे सोळाशे टनांची, अणुशक्ती नसलेली पाणबुडी सरावासाठी आपल्याकडे ठेवली. तिने ‘रोनाल्ड रेगन’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेचे संरक्षक कडे चुकवून तिला लक्ष्याच्या टप्प्यात आणले. एप्रिल २०२२ मध्ये, नौदल म्हणावे असे काही न उरलेल्या युक्रेनने किनाऱ्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रांनी रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याची ‘मोस्कवा’ ही ध्वजनौका निकामी केली व ती बुडाली. त्यानंतर स्फोटके भरलेल्या बिनमाणसांच्या होड्यांनी त्या ताफ्याला क्रिमियाच्या बंदरातून मागे रेटले. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जे केले, त्यातून तर खर्चाचे गणितच उघडे पडले. काही हजार डॉलर्सच्या ड्रोनला पाडण्यासाठी लाखो डॉलर्सचे एकेक क्षेपणास्त्र खर्ची पडले. पूर्वी विमानवाहू नौका विशाल सागरात हरवून जाई आणि तेच तिचे कवच होते. आज उपग्रह तिचा माग ठेवतात आणि चीनने दीड हजार किलोमीटरहून अधिक पल्ल्याची नौकाभेदी क्षेपणास्त्रे जमिनीवर सज्ज ठेवली आहेत. तिच्या विमानांचा पल्ला मात्र त्या मानाने वाढलेला नाही. शत्रूच्या किनाऱ्याजवळ जावे तर नौका धोक्यात, लांब राहावे तर विमाने निरुपयोगी, असा हा पेच आहे.

विमानवाहू नौकेच्या समर्थकांचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात की, दुसऱ्या महायुद्धानंतर एकही विमानवाहू नौका शत्रूने बुडविलेली नाही. हे खरे आहे. तांबड्या समुद्रातही एकाही विमानवाहू नौकेला हूथींचा गोळा लागला नाही. परंतु कोरिया, व्हिएतनाम, इराक, लिबिया ही नावे आठवावीत. या नौका बहुधा अशाच देशांवर चालून गेल्या, ज्यांच्याकडे समुद्रात त्यांना गाठण्याचे साधन नव्हते. दुबळ्यांवर बाँब टाकण्यात त्या यशस्वी ठरल्या, म्हणून बरोबरीच्या शत्रूपुढेही टिकतील, हा निष्कर्ष धोक्याचा आहे. दुसरे म्हणणे असे की, मे २०२५ च्या संघर्षात ‘विक्रांत’सह नौदलाचा ताफा उत्तर अरबी समुद्रात उभा राहिला आणि त्याचा धाक पाकिस्तानी आरमाराला बसला. धाक बसला असेल. तरीही त्या ताफ्यात विनाशिका होत्या, फ्रिगेट होत्या, पाणबुड्या होत्या आणि कराचीपर्यंत पोचणारी क्षेपणास्त्रे होती. धाक त्यांचा की विमानवाहू नौकेचा, हे समर्थकांनी सिद्ध करावयाचे आहे. तिसरे म्हणणे, चीन विमानवाहू नौका बांधतो आहे. चीन बांधतो म्हणून भारतानेही बांधावी, या युक्तिवादात संरक्षणाचा विचार कमी आणि शर्यतीची ईर्षा अधिक आहे. चीनची नौका हिंदी महासागरात आली, तर तिला रोखण्यासाठी भारताला तशीच नौका लागत नाही. पाणबुडी लागते, अंदमान आणि लक्षद्वीपमधील धावपट्ट्या लागतात, किनाऱ्यावरील क्षेपणास्त्रे लागतात. बेट बुडत नाही. तिन्ही सेनादलांचे पहिले प्रमुख जनरल बिपिन रावत यांनीही २०२० मध्ये तिसऱ्या विमानवाहू नौकेपेक्षा पाणबुड्यांना अग्रक्रम द्यावा, असे मत उघडपणे मांडले होते. ही शंका केवळ शांततावाद्यांची नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप आंग्र्यांच्याच इतिहासातून निघतो. लहान नौका किनारा राखतात, परंतु महासागर ज्याच्या ताब्यात असतो, तो पुन्हा पुन्हा चालून येऊ शकतो. इंग्रज तसे आले आणि अखेर जिंकले. या आक्षेपात तथ्य आहे. आंग्र्यांना खोल समुद्रातील आरमार उभारता आले नाही, ही त्यांची मर्यादा होती. परंतु आजच्या खोल समुद्रावर अधिकार सांगण्याचे साधन विमानवाहू नौका हे एकच नाही. पाण्याखाली महिना-महिना राहणारी पाणबुडी तो अधिकार कमी खर्चात आणि न दिसता बजावते. भारताच्या लोकशाहीने दुसऱ्यांच्या किनाऱ्यांवर बाँब टाकावयास जाण्याचे धोरण कधी मान्य केलेले नाही. मग त्यासाठी लागणारे हत्यार जमविण्याची निकड कोणास आहे?

आता खर्चाचा हिशेब पाहावा. ‘विक्रमादित्य’ ही रशियाची जुनी ‘गोर्शकोव्ह’. जानेवारी २००४ मध्ये झालेल्या कराराची रक्कम सुमारे ९७ कोटी ४० लाख डॉलर्स होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये नौका हाती आली, तोवर ती सव्वादोनशे कोटी डॉलर्सच्या वर गेली. त्या कराराच्या वेळी संरक्षणमंत्रिपदावर जॉर्ज फर्नांडिस होते. समाजवादी चळवळीने ही गोष्ट दडवू नये. प्रतिष्ठेच्या शस्त्राचा मोह कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याला होतो, हेच तीतून शिकावयाचे आहे. या नौकेसाठी घेतलेल्या मिग-२९के विमानांपैकी उड्डाणयोग्य विमानांचे प्रमाण १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यानच राहिल्याचे महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या अहवालात नोंदविले. म्हणून एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल विमानांचा सुमारे ६३ हजार कोटी रुपयांचा करार झाला. म्हणजे नौकेच्या तिपटीहून अधिक रक्कम तिच्यावरील विमानांना लागते. नौकेभोवती ज्या विनाशिका, फ्रिगेट आणि तेलवाहू नौका ठेवाव्या लागतात, त्यांचा हिशेब निराळाच.

या थाटापुढे उपेक्षा कोणाची झाली? १९९९ मध्ये तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधण्याची योजना मंजूर झाली. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत कलवरी वर्गाच्या सहाच पूर्ण झाल्या. सहावी जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. मधल्या काळात जुन्या पाणबुड्यांवर भार पडत राहिला. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’वर स्फोट होऊन १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’वरील अपघातात दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुखांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. बंदराच्या तोंडाशी शत्रूने सुरुंग पेरले, तर ते काढणारी शेवटची नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली. तिच्या जागी नव्या नौका घेण्यास प्राथमिक मंजुरी मिळाली ती २०२५ मध्ये. चार सुरुंगांनी बंदर बंद झाले, तर त्यात उभी असलेली विमानवाहू नौका बाहेर तरी कशी पडणार? तुळाजीचे आरमार असेच दाटीत बांधलेले होते.

शिवाय समुद्रावरून आलेला सर्वांत भीषण हल्ला विसरता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा माणसे पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून मुंबईसमोर आली आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छिमार वस्तीपाशी उतरली. नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय तेथून फार दूर नाही. त्यांना प्रथम पाहिले आणि हटकले ते किनाऱ्यावरील कोळी माणसांनी. किनाऱ्याचे डोळे म्हणजे हा मच्छिमारच, हे त्या रात्रीने शिकविले. आणि त्याच मच्छिमाराची स्थिती आज काय आहे? देवगड-मालवणच्या पट्ट्यातील गाबीत आणि इतर पारंपरिक मच्छिमार पर्ससीनच्या जाळ्यांशी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीशी झगडत आहेत. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. परंतु रात्री समुद्रात जाऊन ती बंदी अमलात आणावयास गस्ती नौका पुरेशा नाहीत. राष्ट्राजवळ ४३ हजार टनांच्या नौकेसाठी पैसा आहे, गस्तीच्या होडीसाठी नाही, या विसंगतीस संरक्षणधोरण म्हणावयाचे काय?

सिंधुदुर्गच्या जनतेला या नौकांच्या वैभवाचा दुसराही अनुभव आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने निवृत्त ‘विराट’ निवतीजवळ उभी करून तिचे संग्रहालय करण्याची ८५२ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातून काहीही झाले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘विराट’ ओढत अलंगला नेली गेली आणि भंगारात निघाली. जुनी ‘विक्रांत’ त्यापूर्वीच, २०१४ मध्ये, मुंबईच्या दारूखान्यात तोडावयास घेतली होती. डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनाचा सोहळा सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी झाला, मालवणच्या राजकोटावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. थोडे दक्षिणेला, कारवारच्या नौदल तळासाठी तेरा गावांतील चार हजारांहून अधिक कुटुंबांनी आपली घरे आणि वहिवाटीचे किनारे सोडले. मोबदल्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आणि ज्या जिल्ह्याने नौदलास पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी दिले, तेथील अवघड दुखण्याचा रुग्ण आजही गोव्यातील बांबोळीचे रुग्णालय गाठतो. देशरक्षणासाठी त्याग करावयास कोकणचा माणूस कधी मागे राहिला नाही. परंतु त्याग कशासाठी, हे विचारण्याचा त्याचा अधिकार कोणी हिरावून घेऊ नये.

विजयदुर्ग ज्या राजापूर मतदारसंघात होता, त्याने बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविले. परराष्ट्रधोरण, संरक्षण आणि अर्थकारण हे विषय दिल्लीच्या मूठभरांचे नाहीत, कोकणच्या वाडीवस्तीवरील मतदाराचेही आहेत, ही त्या परंपरेची शिकवण आहे. तिला अनुसरून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी काही स्पष्ट मागण्या लोकांपुढे न्यावयास हव्यात. तिसऱ्या विमानवाहू नौकेचा निर्णय घेण्यापूर्वी सरकारने तिच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च, विमाने आणि संरक्षक नौकांसह, श्वेतपत्रिकेच्या रूपाने संसदेपुढे ठेवावा. त्यावर खुली चर्चा व्हावी आणि ती होईपर्यंत एकही रुपया बांधला जाऊ नये. रखडलेल्या पाणबुड्या, सुरुंगशोधक नौका, क्षेपणास्त्र नौका आणि पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरे यांना पहिला हक्क मिळावा. किनाऱ्याच्या संरक्षणात मच्छिमारांच्या सहकारी संस्थांना मानाचे स्थान द्यावे आणि प्रत्येक बंदरात गस्ती नौका असाव्यात. नौदल तळांसाठी जमीन दिलेल्या कुटुंबांचे राहिलेले देणे आधी फेडावे.

या मागण्यांना देशद्रोहाचा शिक्का मारणारे निघतील. त्यांना १७५६ चा इतिहास सांगावा. विजयदुर्गचे आरमार बुडाले, ते कोणी त्याच्याविषयी प्रश्न विचारले म्हणून नव्हे. राज्यकर्त्यांनी आपसातील मत्सरापायी परक्याला आत घेतले आणि सारे बळ एका जागी बांधून ठेवले, म्हणून ते बुडाले. त्या आगीत किती खलाशी जळाले, त्यांची नावेही इतिहासाने ठेवली नाहीत. आजच्या खलाशांची नावे आणि पत्ते देशाच्या दप्तरी आहेत. त्यांना कोणत्या नौकेवर, कोणत्या कामासाठी पाठवावयाचे, याचा जाब देशाने आधी द्यावा. स्मारके उभारावयास नंतर वेळ पुष्कळ असतो.